एडिंबराचे जुने पब सहलीतून वगळू नयेत

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्कॉटलंडच्या सहलीविषयीचा लेख वाचला. एडिंबरा शहरातला किल्ला, रॉयल माइल, होलीरूडचा राजवाडा आणि आर्थर्स सीटची टेकडी यांचे वर्णन त्यात मनापासून आले आहे. मात्र तिथल्या जुन्या पबांची बोळवण ‘मद्यप्रेमींसाठी संध्याकाळची सोय’ अशा अर्ध्या ओळीत झालेली पाहून वाईट वाटले, म्हणून हे पत्र. मी चित्रकलेची निवृत्त शिक्षिका आहे आणि मद्य घेत नाही. गेल्या वर्षी मुलीकडे दोन महिने एडिंबरामध्ये राहिले. त्या मुक्कामात कारागिरीच्या दृष्टीने सर्वांत अधिक जे पाहायला मिळाले ते या पबांमध्येच, असे मी जबाबदारीने लिहीत आहे.

वेव्हर्ली स्थानकापासून चालत पाच-सात मिनिटांवर, प्रिन्सेस स्ट्रीटच्या मागच्या एका आखूड गल्लीत ‘कॅफे रॉयल’ हा पब आहे. इमारत 1863 सालची. आत मधोमध लंबगोल बार, म्हणजे पेये देण्याचा कट्टा, आणि भिंतींवर डोल्टन या इंग्लिश कंपनीने भाजलेल्या टाइल्सची मोठी चित्रे आहेत. जेम्स वॉट, मायकेल फॅरडे, जॉर्ज स्टीफन्सन, बेंजामिन फ्रँकलिन, इंग्लंडमधला पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन अशा संशोधकांची आणि कारागिरांची ती चित्रे आहेत. लांबून तैलचित्र वाटावे इतके त्यांचे रंग मऊ आहेत आणि टाइल्सचे सांधे अगदी जवळ गेल्यावरच डोळ्यांत भरतात. टाइलवर चित्र काढणे किती अवघड असते, हे ज्याने एकदा तरी भट्टी लावली आहे त्यालाच कळेल. कुंचल्याने लावलेला रंग भट्टीतून तसाच बाहेर येत नाही, त्यामुळे भाजल्यावर तो कसा उतरेल याचा अंदाज मनात धरूनच रंगवावे लागते, आणि एक टाइल बिघडली तर चेहऱ्याचा तो तुकडा पुन्हा करावा लागतो. शेजारच्या ऑयस्टर बारमध्ये रंगीत काचांच्या आठ खिडक्या असून प्रत्येकीत एकेक खेळाडू आहे. त्यांत क्रिकेटपटूही आहे. आपल्याकडच्या पाहुण्यांना तेवढ्यासाठी तरी तिथे न्यावे.

ही वास्तू आज उभी आहे ती लोकांमुळे. 1960च्या दशकाच्या अखेरीस वूलवर्थ्सच्या दुकानाच्या विस्तारासाठी ती पाडण्याचा घाट घातला गेला होता. तेव्हा हजारो नागरिकांनी लेखी आक्षेप नोंदवले आणि 1970 मध्ये तिला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. आज ती स्कॉटलंडमधल्या सर्वोच्च, म्हणजे ‘अ’ श्रेणीत आहे. त्या सह्या करणाऱ्यांत कितीतरी जण रोज संध्याकाळी तिथे बसणारे साधे गिऱ्हाईक असतील. लेखात ही हकीकत आली असती, तर वाचकांना त्या शहराची खरी ओळख झाली असती.

दारूच्या दुकानावर एवढी कलाकुसर कशासाठी, असा प्रश्न मलाही पडला होता. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये मद्यपानविरोधी चळवळ जोरात होती. 1853च्या कायद्याने रविवारी पब बंद झाले आणि रात्री अकराची मर्यादा आली. तो रविवार उघडायला पुढे 1976चा कायदा यावा लागला. परवाना दंडाधिकाऱ्यांच्या हाती असल्यामुळे आपली जागा प्रतिष्ठितांची आहे, हे मालकांना दाखवावे लागे. त्यातून कोरीव महोगनी, नक्षीचे आरसे आणि संगमरवर यांवर पैसा ओतला गेला. कॅफे रॉयलला लागूनच असलेल्या ‘गिल्डफर्ड आर्म्स’चे (1896) नक्षीदार उंच छत मान वर करून पाहत राहावे असे आहे. किंग्ज थिएटरजवळच्या ‘बेनेट्स बार’ची आजची सजावट 1906ची. तिथे मेजांवर शहराचे नकाशे बसवलेले आहेत. बारच्या पाठीमागे बाटल्यांसाठी जी भव्य लाकडी मांडणी असते तिला तिथे गँट्री म्हणतात. व्हिस्की पिंपांतून येत असे तेव्हा ती पिंपेही गँट्रीतच बसवलेली असत.

मला सर्वांत जास्त विचारात पाडले ते शहराच्या दक्षिणेकडच्या ‘लेस्लीज बार’ने. तिथे बार आणि बसण्याची जागा यांच्यामध्ये लाकडी पडदा आहे आणि त्यात रेल्वेच्या तिकीटखिडकीसारख्या बुटक्या खिडक्या आहेत. पेला घ्यायचा तर वाकावे लागते. पलीकडून वाढणाऱ्याला हात दिसतो, चेहरा दिसत नाही. आपण पितो हे चारचौघांत कळू नये, अशी इच्छा असणाऱ्या सभ्य गिऱ्हाइकांची ती सोय होती. एका समाजाचा संकोच सुताराने लाकडात कसा बसवला, हे तिथे वाकून पाहिल्याशिवाय समजणार नाही. याच शहरातल्या कित्येक पबांत स्त्रियांना विसाव्या शतकातही बराच काळ प्रवेश नव्हता. आज मी आणि माझी मुलगी तिथे निवांत सूप घेत बसलो, याचे मोल म्हणूनच मला अधिक वाटले.

रॉयल माइलवरच्या जेम्स कोर्ट या जुन्या चौकात ‘जॉली जज’ नावाचा छोटा पब आहे. तिथे जाणाऱ्या मराठी माणसाने एक गोष्ट आठवावी. याच चौकात 1880च्या दशकात नगररचनाकार पॅट्रिक गेडीस राहायला आले. पडझड झालेली जुनी वस्ती सरसकट न पाडता, नेमका बिघडलेला भाग काढून बाकीचे सांभाळावे, हा विचार त्यांनी तिथे प्रत्यक्षात आणला. तेच गेडीस 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले आणि मालवणचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये त्यांच्याच शिफारशीने इंग्लंडला शिकायला गेले.

आता तक्रार. वेव्हर्लीजवळ मला आपल्याकडचा एक मराठी गट भेटला होता. त्यांना ग्रासमार्केट या जुन्या बाजारचौकातल्या फाशीच्या गोष्टी आणि दिवसा नगरपालिकेचा मानकरी, रात्री घरफोड्या असलेल्या, 1788 मध्ये फाशी गेलेल्या डीकन ब्रोडीची गोष्ट रंगवून सांगितली गेली होती. त्याच्या नावाच्या पबचे बाहेरून छायाचित्रही सर्वांनी काढले होते. मात्र एकाही पबच्या आत कोणी गेले नव्हते, कारण ‘तो बार आहे, आपल्याला तिथे काही नाही’ असे सोबतच्या मार्गदर्शकाने सांगितले होते. त्यांत दोन स्त्रिया चित्रकलेच्या शिक्षिका होत्या. त्यांना आत नेऊन त्या टाइल्स दाखवाव्यात असे फार वाटले, पण त्यांची बस सुटायची होती.

न पिणाऱ्याला तिथे कोणीही वेगळ्या नजरेने पाहत नाही. स्वतः बारपाशी जावे, सांगावे, तिथेच पैसे द्यावेत आणि पेला घेऊन हवे तिथे बसावे, एवढाच रिवाज आहे. कॉफी मिळते, आयर्न ब्रू नावाचे नारिंगी शीतपेय मिळते. धुरावलेला हॅडॉक मासा, बटाटा आणि दूध यांचे ‘कलन स्किंक’ हे सूप मासे खाणाऱ्यांनी चुकवू नये. वजडी आवडीने खाणाऱ्याला हॅगिस, म्हणजे मेंढीचे काळीज-फुप्फुस आणि ओट यांचा मसालेदार पदार्थ, परके वाटणार नाही, आणि शाकाहारी हॅगिस आता बहुतेक ठिकाणी असते. मुले बरोबर असतील तर त्यांना कोणत्या वेळेपर्यंत आत येऊ देतात हे आधी विचारावे.

सहली काढणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे की, प्रिन्सेस स्ट्रीटवर खरेदीसाठी जे दोन तास मोकळे सोडले जातात, त्यांतला अर्धा तास कॅफे रॉयलला द्यावा. दुपारी तीनच्या सुमारास तिथे गर्दी कमी असते आणि भिंतीपाशी उभे राहून चित्रे नीट पाहता येतात.

आपली नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, सांगली