मास्तरांच्या स्मृतिदिनाच्या भजनाबद्दल

ती. बाबा आणि आई,
सा. न.

मास्तरांच्या स्मृतिदिनाला तुमचं भजनी मंडळ मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरात गाणार, हे छान ठरवलंत. भाषण एकच ठेवा, पाच मिनिटांचं. हार-फोटोत अर्धा तास गेलेला त्यांना खपला नसता.

आई, पट्टीचं, म्हणजे कुठल्या सुरात गायचं ते, आधी बघ. काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी, मास्तरांनीच ठरवली, पण तेव्हा तुम्ही सगळ्या चाळिशीच्या होतात. आता तार षड्जाला, वरच्या ‘सा’ला, आवाज पोचत नाही, कोरस हळूहळू उतरतो, पेटी आहे तिथंच राहते आणि बोलणी पेटीवाल्याला. पट्टी पुढं गाणारीची नव्हे, मागं बसणाऱ्यांची, हा नियमही त्यांचाच. तेव्हा काळी तीन घ्या. त्यात त्यांचा अवमान नाही.

बाबा, काळी चारचा दाया, म्हणजे उजवा तबला, उतरवून काळी तीनला आणू नका. ताण देणाऱ्या वाद्या सैल पडल्या की नाद मरतो, कडेची चाट बद्द वाजते. मोठ्या तोंडाचा काळी एकचा दाया माळ्यावरून काढा. काळी तीनचा पंचम, ‘प’, म्हणजे काळी एकच, त्यामुळं तो पंचमात लावला की काम झालं. आपल्याकडचा पाऊस धरला की तबल्याची कातडी पुडी ओल ओढते आणि स्वर उतरतो. म्हणून हातोडी जवळ ठेवा आणि दोन अभंगांनंतर पुन्हा स्वर बघा. हीटरसमोर मात्र नको, पुडीवरची शाई तडकते.

टाळांचे चार जोड पुरेत. बारा जोड वाजायला लागले तर शब्द बुडतात, आणि उत्साहात लय पळते ती टाळांमुळंच. टाळकऱ्यांना तबल्याशेजारी बसवा, मागच्या खांबांपाशी नको. मुख्य गायिका ओळ सांगताना टाळ बंद, कोरसनं उचलली की सुरू.

राहिलं पसायदान. मास्तरांच्या वहीत श्वासाच्या खुणा आहेत, त्या पुसट झाल्या असतील तर पेनानं गिरव. मोठी चूक एकाच जागी होते: ‘जो जे वांछील तो ते लाहो’ नंतर सगळ्या दम घेतात आणि ‘प्राणिजात’ एकटंच लोंबतं. लाभायचं आहे ते प्राणिजातालाच, म्हणून तिथं श्वास तोडायचा नाही. दम आधी, अलीकडच्या ओळीतलं ‘पाहो’ झाल्यावर भरून घ्यायचा. ज्यांना तरी पुरणार नाही त्यांनी ‘लाहो’ सोडून द्यावं आणि ‘प्राणिजात’ला पुन्हा मिळावं, शेजारणी ओळ धरून ठेवतात. फक्त दोघी शेजारी-शेजारी एकाच वेळी थांबू नयेत, हे बसवतानाच ठरव.

वहीच्या त्या पानाचा फोटो पाठव, मोठ्या अक्षरात छापून आणते.

तुमची,
धाकटी