गळ्याले सुट्टी दे, माय

माय,

काल संध्याकाळी फोन लावला तं तुझी रूममेट बोलली. म्हणे काका, तिले डॉक्टरनं काही दिवस बोलायचंच नाही सांगतलं, गळ्यात गाठी आल्या. मंग थोड्या वेळानं तुझा मेसेज आला, व्होकल नोड्यूल आहे, कॅन्सर-बिन्सर काही नाही, बाबा टेन्शन घेऊ नका. तो कॅन्सर शब्द तू आपणहून लिहिला म्हणजे तुलेही आबाजी आठवले असतील. मी आबाजीची गोठ काढणार नाही असं ठरवूनच लिहाले बसलो. फोनवर तू बोलू शकत नाही आणि मी एकटाच बोलत बसीन, म्हणून हे लिहून पाठवतो. मोठं होईल. जेवून घे मंग वाच.

पहिले एक सांग, डॉक्टरनं दुर्बीण टाकून पाहिलं का नुसतं टॉर्च मारून सांगतलं? टॉर्चनं स्वरतंतू दिसत नाहीत, ते लय खाली असतात. दुर्बिणीनं पाहिलं असेल तं रिपोर्ट असेल आणि रिपोर्ट असेल तं त्याचा फोटो टाक.

सकाळी मी आपल्या पीएचसीतल्या, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमकडे जाऊन आलो. त्यांनी नीट समजावून सांगतलं. म्हणे बाईमाणूस साधं बोलते तवा तिचे स्वरतंतू सेकंदाले जवळपास २०० वेळा एकमेकावर आपटतात, गड्याचे १००-१२० वेळा. जोर लावून बोललं, ओरडलं, गायलं, की आपटण्याचा मार वाढते आणि डवऱ्याच्या रुमण्यानं हाताले घट्टे पडतात तसे दोन्ही तंतूंवर समोरासमोर घट्टे पडतात. शिकवणाऱ्या मास्तरणीले होते, गाणाऱ्याले होते. बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही, आराम दिला आणि आवाजाची थेरपी केली की कमी होते. हे ऐकून मले बरं वाटलं पण पुरतं नाही वाटलं. आणखी एक सांगतलं त्यांनी ते तू नक्की पाळ, बोलायचं नाही म्हणून कुजबुजत बसायचं नाही, जोर लावून कुजबुजल्यानं बी ताण येते. आणि घसा सारखा खाकरायचा नाही, खाकरावं वाटलं तं घोटभर पाणी पी. तुले खाकरायची सवय आहे, लहानपणापासून, आत्यासारखी.

आता दुसरी गोठ. दिवाळीत तू आली होती तवा कानाले हेडफोन लावून फराळाच्या डब्यांपाशी उभी राहून रकटक रकटक असं काहीतरी तोंडानं करत होती आणि आई म्हणे हिले काय झालं. तू म्हणली आमचा ग्रुप आहे, मेटल करतो, ते दणक्याच्या गिटारचं गाणं असते ना ते, पण गिटार नाही, आम्हीच तोंडानं गिटार. मी तवा हो हो केलं, कापसाची गाडी भरणं सुरू होतं, ध्यान नव्हतं. काल रात्री ध्यान दिलं. मोठ्या बाबाच्या पोट्ट्याले बोलावलं, म्हणलं ताई जे ऐकते ते मले लावून दे. त्यानं व्हॅन कॅन्टो नावाचा ग्रुप लावून दिला. मंग हरभऱ्याले पाणी द्याचं होतं, या आठवड्यात आपल्याकडे थ्री फेज रात्रीची आहे, तं मोटर सुरू करून धुऱ्यावर बसलो आणि कानाले लावून ऐकत राह्यलो. पहिलं गाणं झालं तं मले वाटलं पोट्ट्यानं चुकीचं लावलं, यात तं गिटार वाजून राहिली आहे. फोन हातात घेऊन पाह्यलं तं पाच जण माइकसमोर उभे आणि मागे एक ड्रमवाला, बस. गिटार कोणाच्याच हातात नाही. मी ते गाणं पुन्हा लावलं, मंग पुन्हा लावलं, वाफा भरून पाणी दुसरीकडे गेलं तेही ध्यानात नाही आलं.

मंग त्यांच्याबद्दल वाचत बसलो. जर्मनीचे आहेत ते, २००६ पासून. पहिला अल्बम त्याच वर्षी काढला आणि त्यात मेटॅलिका या गिटारवाल्या मेटल ग्रुपचं गाणं नुसत्या तोंडानं म्हणलं. ज्या गाण्याची सारी ताकदच गिटारची ते गाणं गिटार बाजूले ठेवून म्हणायची हिंमत पहिल्याच वर्षी केली, हे मले फार मोठं वाटलं. त्यातला तो स्टेफान श्मिट खालच्या पट्टीत रक्काटक्का करते, दुसरा वरच्या पट्टीत तेच करते, आणि एक जण डंडं डंडं करून बास धरते. तो डंडंवाला मले सगळ्यात आवडला. त्याच्याकडे कोणी पाहत नसेल पण तो थांबला तं बाकीचे पडतील. आपल्या मंडळात तुझे काका झील धरतात तसं आहे ते.

मले मेटल समजत नाही पण आवाज समजते माय. इतकी वर्षं खंजिरीवर भजन केलं तं तेवढं समजते. गिटारवाला जो दणका देते त्याले म्हणे पॉवर कॉर्ड म्हणतात, त्यात दोनच सूर असतात, षड्ज आणि पंचम. आपल्या तंबोऱ्यात जे आहे तेच ते, सा आणि प! म्हणून दोन गळे मिळून ते काढू शकतात. आणि हात दाबून तार वाजवली की जो तुटक ठेका येते, तो काढाले र, क, ट अशी अक्षरं पाहिजेत, नुसता आकार लावून तो येत नाही. हे तं आपल्याकडे तबल्याचं पोट्टं पहिल्या दिवशी शिकते, तिरकिट हातात येण्याच्या आधी तोंडात आलं पाहिजे. तू पाच-सहा वर्षांची असताना मांडीवर थाप मारून धाधा तिरकिट म्हणायची आणि आबाजी म्हणायचे ही पोट्टी मंडळात घ्या. गावातल्या एक-दोघांनी नाक मुरडलं होतं. आबाजीनं त्यांचं ऐकलं नाही.

पाह्य, निघालीच ना आबाजीची गोठ.

असो. मी जे सांगाले बसलो ते हे आहे. त्या श्मिटचे गिटारच्या सोलोसारखे जे तुकडे आहेत ना, जिथी आवाज फाटल्यासारखा, खरखर करत वर जाते, तो तुकडा तो गळा फाडून नाही करत. आवाज मशीनमधून काढतात, डिस्टॉर्शन लावून, गिटारले लावतात तसं. खरखर मशीनची आहे, गळा त्याचा साफ राहते. आणि पाच जण पाच कामं वाटून घेतात, खालचा खालीच राहते, वरचा वर. तुमच्यात काय चालू आहे ते मले सांग. दिवाळीत तू म्हणली होती तुमचा एक पोरगा बंगलोरले गेला आणि त्याचा भाग सध्या तूच करते. म्हणजे तू तुझी वरची पट्टी बी म्हणते आणि त्याची खालची बी म्हणते, आणि खरखर बी तू गळ्यातूनच काढते का? काढत असशील तं गाठी त्याच्यानंच झाल्या असतील, मले डॉक्टरकी येत नाही पण एवढं वाटते. गड्याची खालची पट्टी बाईच्या गळ्यानं दाबून काढायची नसते. वरून कंपनीत दिवसभर कॉलवर बोलणं, संध्याकाळी प्रॅक्टिस, रात्री उशिरा सावजीचं नाहीतर तसलंच झणझणीत जेवण आणि लगेच आडवं होणं. जेवून लगेच झोपलं की आंबट वर येते, ते गळ्यापर्यंत जाते आणि तिथी सूज आणते, हे मॅडमनंच सांगतलं. चहा किती पिते दिवसाले? पाणी किती पिते? तुमच्या एसीत हवा कोरडी राहते, त्या हवेत गळा सुकते, सुकलेल्या गळ्यानं गायलं की...

बरं. भाषण झालं. तुझी आई बाजूले बसून म्हणून राहिली की पोरीले बरं नाही आणि तुमी तिले झापून राह्यले. झापत नाही माय. राग मानू नको. तू लहान नाही, कमावती आहे, आपल्या कर्जाचा हप्ता तू भरला ते मी कोणाले सांगत नाही पण मले माहीत आहे.

तुले मोझरीचं आठवते का? तू दुसरीत का तिसरीत होती, महाराजांच्या पुण्यतिथीले आपण गुरुकुंजाले गेलो होतो, मोठ्या बाबाच्या ट्रॅक्टरमध्ये, सगळे. तुकडोजी महाराज गेले ते १९६८ साली ११ ऑक्टोबरले, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, म्हणून त्या वेळेले सारी गर्दी मौन उभी राहते. लाखावर माणूस असते आणि खोकलासुद्धा ऐकू येत नाही. मले त्या दिवशी तुझीच भीती होती, तू कधी गप बसत नव्हती, मले वाटलं आता ही मधातच बोलते. तू नाही बोलली. दोन्ही हात तोंडावर ठेवून उभी होती आणि मौन सुटल्यावरही बराच वेळ हात काढले नाहीत, आत्यानं विचारलं तं मान हलवली. ज्या महाराजांनी सारा जन्म खंजिरीवर गाऊन गावं जागी केली त्यांले लोक मौनानं वंदन करतात, ते मले दरवर्षी आत लागते. यावर्षी मी गेलो होतो. तुझ्यासाठी काय मागितलं ते लिहित नाही. तवा तुझ्या गळ्याचं मले माहीतच नव्हतं, नाहीतर तेच मागितलं असतं.

तं डॉक्टरनं सांगतलं तेवढे दिवस बोलू नको. एकही कमी करू नको. शनिवारी तुमची प्रॅक्टिस असते, तू तिथी जाशील आणि मी फक्त बसून ऐकतो म्हणशील आणि मंग कोणी चुकलं की तुझ्या तोंडातून निघंल, मले माहीत आहे कारण मी बी तसाच आहे. म्हणून जाऊच नको.

आता लिहूनच टाकतो, नाहीतर हे मनात राहील. आबाजीचा आवाज आधी बसला होता. काकड्याच्या दिवसांत पहाटे उठून गायचे, थंडीनं बसला असेल म्हणून कोणी ध्यान नाही दिलं, हळद-दूध, ज्येष्ठमध, हेच सुरू होतं. त्यांचं तंबाखूचं होतं, तुझं तसं काही नाही, मॅडमनंही सांगतलं की गाठीगाठीत फरक असते, नोड्यूलचं कॅन्सर होत नाही. मी त्यांले तीनदा विचारलं असेल, त्या कंटाळल्या नाहीत. पण आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला राहिला तं दुर्बिणीनं पाहाच लागते, हे त्यांनी स्वतः सांगतलं. आबाजीले नागपूरले नेलं तवा ते बोलत नव्हते, पाटीवर लिहायचे. तुझी जुनी पाटी होती ती. तू तिच्यावर फुलं काढून द्यायची आणि ते पुसायचे नाहीत, कोपऱ्यात थोड्या जागेत लिहायचे. म्हणून मले दुर्बीण-दुर्बीण सुचते. तुले घाबरवाले नाही लिहिलं.

कापूस अजून अर्धा शेतातच आहे, वेचाईले बाया मिळत नाहीत, तूर फुलावर आहे. बरं चाललं आहे, पैशाची काळजी करू नको. दुर्बिणीले, थेरपीले जे लागंल ते लाव, थेरपी मधातच सोडू नको, आराम वाटला की लोक सोडून देतात. उद्याच्या ट्रॅव्हल्सनं डबा पाठवतो, आईनं बिनतिखटाचं केलं आहे सगळं, सांडगे पाठवत नाही. कफाचं औषध मनानं घेऊ नको.

आणि तुमच्या पोरांले माझा निरोप दे. म्हणजे लिहून दे. त्यांले म्हणावं बंगलोरच्या पोराच्या जागी दुसरा माणूस पाहा, हिच्यावर दोघांचं काम टाकू नका, हे मी रागानं म्हणत नाही. आणि जानेवारीत सगळ्यांले घेऊन ये, तवा आपल्याकडे हुरडा असते, मले त्यांचा तो डंडंवाला पाहाचा आहे. मंडळाचे लोक बसतील, काका झील धरतील, मी खंजिरी वाजवीन, पाहू त्यांच्या रक्काटक्कासंगं जमते का. मले वाटते जमंल. तू त्या दिवशी गायचं का नाही हे आपण नाही ठरवायचं, थेरपीवाली ठरवंल.

रिपोर्टचा फोटो आजच टाक. दोन्ही पानं टाकजो.

तुझे बाबा