हात बरा झाला की ०.७५

दादा,

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "अहो ताई, त्यात काय एवढं" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. त्यात काय एवढं होतं, ते मला आज नीट सांगायचंच आहे.

उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं. प्लास्टर काढताना डॉक्टर म्हणाले, हात वापरत राहा, बेताबेताने. घरी आले आणि त्याच संध्याकाळी क्वेक लावला. १९९६ चा गेम, बोळांतून फिरत शत्रूंना गोळ्या घालायचा. तो आला तेव्हा माउसने वर-खाली बघायची सोय आपली आपण चालू करून घ्यावी लागे, बहुतेक जण कीबोर्डवरच खेळत. तेव्हापासून मी तो खेळते आहे. कोणत्या बोळाला कुठे वळण आहे, कोणत्या दाराआड कोण उभं आहे, हे मला बघावं लागत नाही. हाताला माहीत आहे.

त्या संध्याकाळी हाताला काहीच माहीत नव्हतं. उजवीकडे वळायला गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. सावरायला माउस जरासा डावीकडे नेला, तर पार पाठ फिरली. पहिल्या पातळीतल्या पहिल्या दोन शत्रूंनी मला मारलं. तीन संध्याकाळी हेच. चौथ्या दिवशी गेम काढून टाकला आणि बराच वेळ नुसती मनगटाकडे बघत बसले. हात आता असाच राहणार, असं मी मनाशी धरून चालले होते. घरात कुणाला बोलले नाही.

मधल्या काळात जुना माउस बंद पडला होता आणि नवा आणला होता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटलीच नाही. विकणाऱ्याने सांगितलं होतं, डीपीआय (माउस एक इंच सरकला की कॉम्प्युटरला किती ठिपके पाठवतो तो आकडा) जितका जास्त तितका माउस चांगला. बस्, एवढंच. हातात काय त्रास आहे, कशासाठी हवाय, काही विचारलं नाही. दुसऱ्या एकाला कॉम्प्युटर दाखवला. त्याने विंडोजमधली पॉइंटरची सरकपट्टी पार खाली ओढली, "झालं काम" म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. त्यानंतर ईमेल उघडायलाही माउस तीनदा उचलून ठेवावा लागायचा. क्वेक आणि १९९८ चा हाफ-लाइफ हे गेम सुरू होताना विंडोजच्या माउसच्या आकड्यांत स्वतःच ढवळाढवळ करतात, हे त्याला ठाऊक नसेल, तर त्याबद्दल माझा राग नाही. पण चालतंय का ते बघायला दोन मिनिटं गेम लावून बघायला काय हरकत होती? आणि तिसरा, माझ्या चांगल्या ओळखीतला, म्हणाला, "अगं, हे जुने गेम सोड आता. वय झालं त्यांचं." त्यांचं म्हणाला, पण बघत होता माझ्या हाताकडे. ते वाक्य अजून खुपतं.

मग तुम्ही. माझ्या मैत्रिणीने तुमच्या कानावर घातलं आणि तुम्ही आपणहून फोन केलात. मी कॉम्प्युटर चालू करायला निघाले, तर म्हणालात, "कॉम्प्युटर राहू दे. घरात फूटपट्टी आहे का?"

मी पट्टी आणली. कोपर टेबलावर टेकवायला सांगितलंत, माउस धरायला सांगितलंत, आणि डावीकडून उजवीकडे जिथवर दुखत नाही तिथवर सावकाश न्यायला. मी म्हटलं, अठरा सेंटिमीटर. तुम्ही म्हणालात, घाई नको, परत करा. मी परत केलं. एकवीस. परत. बावीस. तुम्ही पलीकडे गप्प होतात. तेवढा वेळ माझ्या हाताला इतक्या आठवड्यांत कुणी दिला नव्हता. डॉक्टरांनी मनगट किती वाकतं ते मोजलं, पण मला माउस किती लांब नेता येतो हे विचारणारे तुम्ही पहिले.

मग विचारलंत, माउस तोच आहे का? आणि मी नव्या माउसचं सांगितल्यावर तुम्ही जे बोललात ते मी कागदावर लिहून ठेवलं आहे: "ताई, हात बरोबर चाललाय. आकडा चुकलाय."

आकड्याचं गणित तुम्ही समजावलंत तेव्हा मला अक्षरशः हलकं वाटलं. क्वेकमध्ये सेन्सिटिव्हिटी, म्हणजे माउस हलला की गेमने किती वळायचं तो आकडा, मुळात ठेवलेलीच असते ३. माउसने पाठवलेल्या प्रत्येक ठिपक्यामागे गेम ०.०२२ अंश गुणिले तो आकडा, इतका वळतो. म्हणजे पूर्ण गोल फिरायला साधारण ५,४५० ठिपके. माझा जुना माउस ४०० डीपीआयचा, त्याला तेवढे ठिपके पाठवायला जवळजवळ ३५ सेंटिमीटर सरकावं लागे. नवा १६०० चा. त्याच ३ वर तो पावणेनऊ सेंटिमीटरमध्ये मला गर्रकन फिरवत होता. चौपट! गेमला यातलं काही कळत नाही, तो फक्त ठिपके मोजतो. जगातल्या धडधाकट मनगटाचाही तिथे गोंधळ उडाला असता. आणि मी तीन संध्याकाळी स्वतःच्या हाडांना दोष देत बसले होते.

माउसच ४०० वर का आणला नाहीत, हे मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, मग आजच्या मोठ्या स्क्रीनवर बाकीची कामं करताना दमाल, आणि पुन्हा ३५ सेंटिमीटर हात न्यावा लागेल, जो आज जात नाही. माउस एकाच जागी राहू दे, प्रत्येक गेमला त्याचा त्याचा आकडा देऊ. क्वेकला १.२ दिलात. एक पूर्ण गोल, २१.६ सेंटिमीटर. माझ्या पट्टीवरच्या बावीसमध्ये बसेल असा.

बाकीच्या गेमचं सगळं इथे लिहीत नाही. डॉसबॉक्समधल्या (डॉसच्या काळातले गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम) प्रत्येक गेमला स्वतंत्र फाइल करून दिलीत, कारण एकाचा आकडा दुसऱ्याला चालत नाही. १९९३ च्या डूममध्ये माउस पुढे ढकलला की माणूसच पुढे चालायला लागतो, ते बंद केलंत, म्हणजे हात थोडा तिरका गेला तरी मी खड्ड्यात पडत नाही. आणि चित्रावर क्लिक करत पुढे जायच्या, ६४० ठिपके रुंद पडद्याच्या त्या जुन्या खेळांत नवा माउस एका सेंटिमीटरमध्ये या टोकाचा त्या टोकाला का पोचतो, हे सांगितलंत तेव्हा माझ्या तोंडून "अगोबाई" निघालं. ते खेळ चालू असतील तेवढाच वेळ पॉइंटर धीमा होतो आणि बाहेर आलं की पूर्ववत, ही व्यवस्थाही तुमचीच.

पण पत्र यासाठी नाही. हे सगळं जाणकार माणूस करू शकतो, वेळ असेल तर.

क्वेकची ती छोटी फाइल तुम्ही पाठवलीत, त्यात गेमसाठी चारच ओळी होत्या. पाचवी ओळ दोन तिरप्या रेघांनी सुरू होत होती. अशी ओळ गेम वाचत नाही, सोडून देतो, हे मला माहीत होतं. तिथे लिहिलं होतं: "हात बरा झाला की ०.७५. हा ताईंचा जुना वेग."

मी गणित करून बघितलं. नव्या माउसवर ०.७५ म्हणजे बरोबर तेच ३५ सेंटिमीटर. माझं जुनं वळण.

तुम्हाला ते लिहायची काही गरज नव्हती. मी मागितलं नव्हतं. १.२ वर माझं काम झालं होतं. पण तुम्ही आजच्या हाताचं माप घेतलंत आणि त्याच वेळी हा हात असाच राहणार नाही हेही गृहीत धरलंत, आणि मला न सांगता तिथे लिहून ठेवलंत. "झालं तर" नाही लिहिलंत. "झाला की" लिहिलंत. ती ओळ वाचून मी रडले, हे तुम्हाला फोनवर सांगता आलं नाही. डॉक्टर म्हणत होते, घरचे म्हणत होते, सगळं नीट होईल. ते सगळे मायेपोटी म्हणतात असं वाटायचं. ही ओळ मात्र एका हिशेबी माणसाने, आकडा देऊन लिहिली होती.

अडलेल्या माणसाला मदत करणारे खूप असतात. त्याला अडलेलाच न समजता मदत करणारे मला फार कमी भेटले. तुम्ही एकदाही "बिचारी" असा सूर लावला नाहीत. गेम जुने आहेत म्हणून हसला नाहीत, या वयात कशाला असंही विचारलं नाहीत. पट्टी मागितलीत आणि माझं आवडीचं काम हे काम आहे असं धरून बोललात. माणसाशी नीट वागणं म्हणतात ते मी त्या फोनवर पाहिलं.

काल रात्री पुन्हा पट्टी ठेवली. कोपर टेकवलं, सावकाश नेलं, तुम्ही सांगितलं होतं तसं तीनदा. पंचवीस, दादा. न दुखता पंचवीस. फाइल उघडली आणि १.२ च्या जागी १.०५ केलं. पहिली पातळी लावली, तो पहिला कोपरा आला आणि हात आपोआप वळला, थोडासा अलीकडे थांबला, पण वळला.

खालची ती ओळ जशी होती तशीच ठेवली आहे.

तुमची,
ताई