कँटरबरीच्या बर्फासाठी सावईवेऱ्याहून

सावईवेरे, फोंडा
संक्रांतीचा आदला दिवस

प्रिय बाबल्या,

काल रात्री तुला व्हॉट्सअ‍ॅपवर 'पुढचे सहा दिवस फोन चार्ज ठेव' एवढंच लिहिलं, तर तुझं उलट उत्तर, 'का रे, कोण आजारी आहे?' कोणी आजारी नाही रे बाबा. तिकडे इंग्लंडात, कँटरबरीला, तुझ्या डोक्यावर बर्फ पडायची शक्यता आहे, त्याचा तुला पत्ता नाही आणि मला इथं पोफळीच्या कुळागरात बसून आहे. याचं हसूही येतं, थोडा रागही येतो. म्हणून हे पत्र. पोस्टानं ते पोचेपर्यंत तुमच्याकडे वसंत येईल, तेव्हा पानांचे फोटो आजच पाठवतो. मूळ पत्र तिळगुळाबरोबर तुझा भाचा येताना घेऊन येईल. तिळगूळ फुटला तर दोष भाच्याला, मला नाही.

माझी रात्रीची दिनचर्या तुला माहीत आहे. हवामानाचा अंदाज काढणारं अमेरिकन संगणक-मॉडेल दिवसातून चार वेळा चालतं आणि त्याचा दुपारचा रन, म्हणजे दुपारचा ताजा अंदाज, आपल्याकडे नऊच्या सुमारास दिसायला लागतो, म्हणजे ऐन जेवणाच्या वेळी. तुमच्याकडे तेव्हा साडेतीन वाजलेले असतात. मग युरोपियन मॉडेलची वाट बघायची म्हणजे मध्यरात्र. बायको म्हणते, तुमच्या त्या मॉडेलला घरात राहायलाच घेऊन या, निदान दोघं एका वेळी जेवाल. जूनच्या पहिल्या आठवड्यात मान्सून केरळात आला की नाही हे बघत मी असाच बसतो, तेव्हा मात्र ती काही म्हणत नाही, कारण तेव्हा तिलाही पापड वाळवायचे असतात. दुसऱ्याच्या गावचा बर्फ बघायला मी जागतो, हे तिच्या हिशेबात बसत नाही.

तर चार दिवस नकाशा एकच गोष्ट सांगतोय. स्कँडिनेव्हियावर उच्च दाबाचा भला थोरला गठ्ठा बसणार, इटलीच्या बाजूला कमी दाब राहणार, आणि मधल्या पट्ट्यातून सरळ पूर्वेचा वारा तुझ्याकडे लागणार. उच्च दाबाभोवती आपल्या गोलार्धात वारा घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, तेव्हा त्याच्या खालच्या कडेवर जो बसलाय त्याला रशियाची हवा. दीड किलोमीटर उंचीवर उणे ११ अंश दाखवताहेत. इंग्लंडात बर्फाचा जुना ठोकताळा उणे ५ चा आहे, पण समुद्रावरून येणाऱ्या सरींना तेवढं पुरत नाही, उणे ८-१० असलं तर बरं. म्हणजे आकडा चांगला आहे.

पण लगेच जॅकेट काढू नकोस. युरोपियन मॉडेल एकच अंदाज देत नाही. सुरुवातीची स्थिती किंचित किंचित बदलून त्याच्या पन्नास प्रती काढतं आणि सगळ्यांच्या रेघा एका आलेखावर टाकतं. तो आलेख बघून मला तुझ्या आईच्या शिरवळ्यांची आठवण होते. साच्यातून पडताना सगळ्या एकत्र, सरळ, आणि ताटात पोचल्या की जिकडे तिकडे. परवापर्यंतच्या रेघा एकमेकींना चिकटून आहेत. पाचव्या दिवसानंतर ताट. त्या ताटातली एखादी शिरवळी उणे १६ ला जाते आणि लोक तेवढीच उचलून नाचतात. मीही नाचायचो. आता नाही. म्हणजे, मोठ्यानं नाही.

आता मला रोज पडणारा प्रश्न. थंडी आपल्याकडेही पूर्वेकडूनच येते ना? परवा पहाटे माझ्या थर्मामीटरवर १७ होतं, पदेर (आपला पाववाला) कानटोपी घालून आला आणि उंडे, म्हणजे गोल पाव, देताना त्याचा हात खरोखर कापत होता (तू हस, तुला हसायला काय जातंय). सगळे म्हणतात, बेळगावची थंडी चोर्ला घाट उतरून आली. मीही कित्येक वर्षं तेच सांगत होतो. पण उतरणारी कोरडी हवा दर किलोमीटरला जवळजवळ १० अंश तापते. बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे. तिथली १४ अंशांची हवा घाट उतरून आपल्या दारात येईपर्यंत विशीच्या वर जाते! आपली पहाटेची थंडी ही इथंच तयार होते. निरभ्र आकाश, वारा पडलेला, जमीन रात्रभर ऊब सोडत बसते, आणि कुळागराच्या खोलगटात गार हवा साचते. घाटाची कोरडी हवा फक्त आकाश स्वच्छ ठेवायचं काम करते. तुझा पूर्वेचा वारा तसा नाही. रशियापासून हॉलंडपर्यंत सगळं सपाट मैदान, वाटेत चढायला-उतरायला घाटच नाही. थंडी जशी निघाली तशी समुद्रापर्यंत येते.

आणि खरी मजा तो समुद्र करतो. न्हाणीतला भाण आठव. जानेवारीत पहाटे चुलीवर पाणी तापलं की त्यावरून कशी वाफ उठायची, आणि मेमध्ये तेवढ्याच कढत पाण्यावर काहीच दिसायचं नाही. उत्तर समुद्राचं पाणी आत्ता ७-८ अंश असेल. तुला ते गोठवणारं वाटेल, पण उणे ११ च्या हवेखाली तो भाणच आहे. पाणी आणि दीड किलोमीटरवरची हवा यांच्यात १३ अंशांहून जास्त फरक पडला की खालची ऊब आणि ओल घेऊन ढग वर उसळतात. इथं फरक १८ चा. कोरडी ठणठणीत निघालेली हवा किनाऱ्याला लागेपर्यंत सरींनी भरलेली असते. वारा ईशान्येकडे थोडा झुकला तर समुद्रावरचा प्रवास लांबतो, सरी एकामागे एक रांगेत लागतात आणि थेम्सच्या मुखातून आत घुसतात. अशा रांगेखाली सापडलास तर तासन्‌तास बर्फ, दहा मैलांवर लख्ख ऊन. आषाढात सावईत कोसळतो आणि फोंड्यात दुचाकीवाले गॉगल लावून फिरतात, तसंच. वाऱ्याची दिशा चार अंश इकडे तिकडे झाली की सगळं गाव बदलतं, आणि ते चार अंश आज कोणालाच सांगता येणार नाहीत. म्हणून तुमच्या वेधशाळेच्या बातमीत 'पूर्व किनाऱ्यावर बर्फाच्या सरींची शक्यता' एवढंच मोघम येईल. त्यांना नावं ठेवू नकोस.

अजून एक भानगड आहे, ती तुला फोनवर समजावताना माझा नेहमी गोंधळ होतो. नुसतं तापमान बघू नकोस, दवबिंदू बघ, म्हणजे हवा किती अंशांपर्यंत गार झाली की दव धरतं तो आकडा; हवा जितकी कोरडी तितका तो खाली. घाटावर कोरड्या हवेत माठातलं पाणी कसं दात शिवशिवतील इतकं गार होतं, आणि आपल्याकडे मेमध्ये तोच माठ घामटलेला, पाणी कोमट. कारण हवेतच ओल असली की पाझरलेलं पाणी उडून जात नाही. बर्फाचंही तसंच. कण खाली येताना थोडे विरतात, उडतात, आणि भोवतालची हवा गार करतात. हवा कोरडी असेल तर २ अंशांतही बर्फ टिकतो. दमट असेल तर अर्धा पाऊस, अर्धा बर्फ, आणि रस्त्यावर चिखल. तुझ्या शेजारचं व्हिट्स्टेबल अगदी पाण्यावर आहे, तिथं समुद्राची ऊब पोचते. तू आत आहेस, तुला एखादा अंश कमी मिळेल. त्या एका अंशावर माझा सगळा भरवसा आहे. दवबिंदू शून्याखाली राहिला तर मी नऊ वाजता शांतपणे जेवेन.

तुमच्या त्या किनाऱ्याची कीर्ती काही साधी नाही. १९६२ च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी बर्फ सुरू झाला आणि मार्च उजाडेपर्यंत इंग्लंड गारठलेलंच राहिलं. जानेवारी १९६३ चं मध्य इंग्लंडचं सरासरी तापमान उणे २.१. तुझ्याजवळच्या हर्न बे इथं समुद्र किनाऱ्यापासून मैलभर गोठला होता. खारट समुद्र! आपल्याकडे तेव्हा गोवा मुक्त होऊन जेमतेम वर्ष झालेलं, आमचे आजोबा याच घरात ओसरीवर बसून सुपाऱ्या सोलत असतील. मग २०१८ चा फेब्रुवारी. ध्रुवावरची तीसेक किलोमीटर उंचीवरची हवा अचानक तापली, तिथले पश्चिमेचे वारे उलटे फिरले, आणि दोनेक आठवड्यांनी पूर्वेचा वारा सगळ्या ब्रिटनवर आला. वर्तमानपत्रांनी त्याला 'बीस्ट फ्रॉम द ईस्ट' म्हटलं. तेव्हा तू अजून इथं होतास आणि मी रात्री दोन वाजता तुला उठवून नकाशे दाखवत होतो. तू तिथं गेलास २०१९ ला. एका हिवाळ्यानं चुकलास.

आणि २०२१? त्याचं दुःख मी अजून विसरलो नाही. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, केंटपासून ईस्ट अँग्लियापर्यंत बर्फच बर्फ, वर स्कॉटलंडात ब्रेमारला उणे २३. आणि तू रात्रपाळी करून झोपलेला. उठल्यावर मला काय पाठवलंस? शेजाऱ्याच्या गाडीच्या टपाचा एक फोटो आणि खाली 'बर्फ'. किती सेंटिमीटर? माहीत नाही. कधी सुरू झाला? झोपलो होतो. अरे, सहावीपासून माझ्याबरोबर पाऊस मोजलेला माणूस तू. डालडाच्या डब्यात पट्टी घालून सकाळी साडेआठला न चुकता आकडा लिहायचास. तुझ्या अक्षरातला शेरा अजून वहीत आहे, 'ढग भरपूर, पाऊस शून्य, मास्तरांचा मूड वाईट'. त्या माणसानं 'झोपलो होतो' म्हणावं!

वही काल काढली. एप्रिलातल्या त्या गारांचं पान उघडलं. आठवतं ना, पत्र्यांवर दगड पडल्यासारखा आवाज, आणि आपण दोघं डोक्यावर सुपं घेऊन अंगणात. तू ओरडत होतास 'बर्फ, बर्फ', आणि मीही ओरडलो, कारण तेव्हा दोन्ही एकच वाटायचं. एकवीस गारा स्टीलच्या डब्यात घालून तुमच्या फ्रिजमध्ये ठेवल्या, सोमवारी शाळेत दाखवायला. रविवारी वीज गेली ती रात्री आली. सोमवारी आपण वर्गात डबाभर पाणी नेलं, आणि मास्तरांनी ते विचारपूर्वक बघितलं, हे त्यांचं मोठेपण. आता कळतं की ते बर्फ नव्हतंच. गार म्हणजे उकाड्यातलं अपत्य, ढगातल्या जोरदार वाऱ्यात वर उचलला जाणारा, थेंबावर थेंब गोठून जाड झालेला गोळा. हिमाचा कण निराळा. तो थेंब न होताच थेट वाफेतून वाढतो, म्हणून त्याला सहा हात फुटतात.

एक गोष्ट तुला मी कधी बोललो नाही. बर्फ आपल्यावरही पडतो. गोव्यावर शून्य अंशाची पातळी साधारण पाच किलोमीटरवर असते. मे महिन्यात ते काळेकुट्ट ढग त्याच्या कितीतरी वर जातात, आणि वरच्या भागात हिमच तयार होतं. खाली येताना ते वितळतं. रडारवर वितळण्याच्या त्या उंचीवर एक उजळ पट्टा उमटतो, कारण ओलं झालेलं हिम जास्त चकाकतं. वळवाचे पहिले थेंब इतके टपोरे आणि इतके थंड का असतात असं तुझी आई विचारायची ना? त्यांतले बरेच वर हिम होते. आपल्यात आणि तुझ्यात फरक तेवढ्या पाच किलोमीटरांचा. तुमची शून्य अंशाची रेघ या आठवड्यात जमिनीला टेकणार, आमची वर राहणार.

तर आता काम सांगतो, आणि या वेळी झोपायचं नाही. सरळ कडांचा डबा शोध, बिस्किटांचाही चालेल, आणि भिंतीपासून दूर उघड्यावर ठेव. गवतावर मोजू नकोस, गवत हवा धरतं. एखादी पांढरी फळी ठेव आणि तिच्यावर पट्टी उभी लाव. पहिला कण दिसला की वेळ लिही. एक कण पुरे, तुमची वेधशाळासुद्धा २५ डिसेंबरला एक कण पडताना दिसला तरी 'व्हाइट ख्रिसमस' मानते. डब्यातला बर्फ घरात आणून वितळव, गॅसवर नको, आणि पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये सांग. साधारण दहा सेंटिमीटर बर्फाचं एक सेंटिमीटर पाणी होतं, पण थंडीत पडलेल्या भुसभुशीत बर्फाचं याहून कमी. तो आकडा मी आपल्या वहीत 'पाऊस' या रकान्यात लिहिणार आहे. वेगळा रकाना आखणार नाही, पाणी ते पाणीच. शेरा तूच सांगायचा.

आई बरी आहे, गुडघा जानेवारीत कुरकुरतो तेवढाच. आंब्याला मोहर भरपूर आलाय, धुकं पडलं नाही तर टिकेल. बोडगेश्वराच्या जत्रेला या वर्षी जमलं नाही. बाकी फोनवर.

तुझा
आपा

ता. क. नऊचा रन आत्ता आला. उणे ११ चं उणे ९ झालंय आणि वारा अर्धा दिवस उशिरा येतोय. पेज निवली, बायको बोलत नाही. डबा तरी बाहेर ठेव.