सायली, तुझ्या गाडीबद्दल

कोल्हापूर,
भाऊबिजेनंतरचा रविवार

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

पाडव्याला तू तुझी केटीएम मोटरसायकल दारात उभी केलीस, हेल्मेट काढलंस आणि विचारलंस, "बाबा, कशी आहे?" मी "चांगली आहे" एवढंच म्हणालो आणि हात धुवायला आत गेलो. तुझा चेहरा उतरला ते मला दिसलं होतं. रात्री तू आईला विचारत होतीस म्हणे, बाबांना आवडली नाही का. तू पुण्याला गेलीस तरी ते काही डोक्यातून जात नाही. फोनवर मला असलं बोलायला जमत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

१९८४ साली दहावी झाल्यावर मी उद्यमनगरात गॅरेजला लागलो. सोळा वर्षांचा होतो. सहा महिने नुसते पार्ट धुतले, रॉकेलच्या परातीत. त्याच पावसाळ्यात शाहूपुरीतल्या एका व्यापाऱ्याच्या मुलाची राजदूत ३५० आमच्याकडं आली. म्हणजे मूळची यामाहाची आरडी ३५०, जपानात दहा वर्षांपूर्वीच निघालेली, आणि १९८३ पासून आपल्याकडं एस्कॉर्ट्स बनवत होती. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू स्ट्रोक, सहा गिअर. बाकी टू स्ट्रोक गाड्यांना पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालावं लागायचं, हिला ऑइलची टाकी वेगळी आणि पंप स्वतःचा. आम्ही सगळी पोरं हातातलं काम टाकून तिच्याभोवती उभी राहिलो. उस्ताद रागावले नाहीत, तेसुद्धा बघतच होते.

त्या गाडीला पॉइंटचे, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या स्विचचे, दोन संच, एकेका सिलिंडरला एक. टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, लावायला प्लग काढून त्या भोकात पिस्टन किती वर आलाय ते मोजणारं डायल गेज बसवायचं, आणि पॉइंटच्या वायरीला एक बारका बल्ब जोडायचा. पुढं माझं काम इंजिनचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, फिरवायचं. पान्हा लावून केसभर, परत केसभर. बल्ब लागला की पॉइंट उघडला, तिथं हात थांबला पाहिजे. मग उस्ताद गेजचा काटा वाचणार, प्लेट हलवणार, आणि पुन्हा पहिल्यापासून. डावं झालं की उजवं. टायमिंग जरा जास्त पुढं गेलं तर पिस्टनच्या डोक्याला भोक पडायचं, म्हणून उस्ताद त्या वेळी कुणाला बोलू द्यायचे नाहीत. शेवटी किक मारली की आधी नुसता निळा धूर आणि खडखड. मग हळूहळू दोन्ही सिलिंडर एका सुरात यायचे. तो सूर मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. नंतर दोन्ही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवायचे, दोन्हींचा रंग दुधाच्या चहासारखा एक हवा.

ती गाडी आयुष्यात एकदा तरी आपली असावी असं मला तेव्हा वाटलं. आजवर हे कुणाला सांगितलं नव्हतं. मग संसार आला, गॅरेजचं भाडं आलं. माझ्या वाट्याला सेकंडहँड आरएक्स १०० आली आणि तिच्यावर माझा जीवही होता, पण झोपेत कधी गाडी दिसली तर ती आरडीच असायची.

दुसऱ्यांच्या स्वप्नातल्या गाड्या मात्र माझ्या हाताखालून पुष्कळ गेल्या. एक निवृत्त फौजी आजोबा बीएसए घेऊन यायचे, दुसऱ्या महायुद्धातली एम २०, ५०० सीसीची साइड व्हॉल्व्ह. तिला आपले मिलिमीटरचे पान्हे चालत नाहीत. जुन्या इंग्रजी विटवर्थ मापाचे वेगळे पान्हे लागतात, आणि नसताना कुणी जबरदस्ती केली की बोल्टची डोकी गोल होतात. आजोबा स्वतःचे पान्हे तेलकट फडक्यात गुंडाळून सोबत आणायचे आणि काम संपेपर्यंत स्टुलावर बसून राहायचे. त्या गाडीला पळायला फारसं जमायचं नाही. पण त्यांनी एकदा पेट्रोलच्या टाकीवर हात ठेवलेला मी बघितला, आणि जुन्या गाडीवर माणसं एवढा पैसा का घालतात हे मी त्यानंतर कुणाला विचारलं नाही.

एवढं सांगायचं कारण म्हणजे तुझी गाडी. आता खरं सांगतो. भाऊबिजेच्या पहाटे तू झोपलेली असताना मी ती बाहेर काढली. शिवाजी पुलावरून केर्ली, आणि तिथून जोतिबाचा घाट. गुऱ्हाळं नुकतीच सुरू झालीत, रस्ताभर रसाच्या काहिलीचा वास होता. न विचारता नेली हे चुकलंच.

तुझ्या आरसी ३९० वर बसलं की हँडल खाली आणि पाय मागं, माझ्या वयाला कंबर बोलते. पण पहिल्या वळणाला मी जरा जास्तच वेगात शिरलो आणि गाडी रुळावर असल्यासारखी आतल्या बाजूनं निघून गेली. ३७३ सीसी, एकच सिलिंडर, ताकद ४३.५ पीएस, म्हणजे जवळपास ४३ बीएचपी. आमच्या आरडीच्या हाय टॉर्क मॉडेलला दोन सिलिंडर मिळून ३०.५ बीएचपी होती, आणि तेवढ्यावर आम्ही तिला वाघीण म्हणायचो. क्लच न दाबता गिअर पडतात हे मी दोनदा करून बघितलं, मग गाडी कडेला लावून थोडा वेळ तसाच बसलो.

सगळ्यात जास्त मी ब्रेक बघितले. आरडीला जपानात पुढं डिस्क होती, आपल्याकडं आली ती ड्रम घेऊन. एवढा वेग आणि थांबवायला ड्रम. त्या व्यापाऱ्याच्या मुलाचा पाय कागलच्या रस्त्यावर मोडला, वर्षभर काठी घेऊन चालत होता. तुझ्या गाडीचा पुढचा लिव्हर मी खडीवर मुद्दाम दाबला. चाक लॉक झालं नाही, लिव्हर बोटाखाली थरथरला आणि गाडी सरळ थांबली. तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

तुला "चांगली आहे" म्हणून मी आत का गेलो, ते आता ऐक. चाळीस वर्षं कुठलीही गाडी समोर आली की माझा कान आधी तिच्यातलं दुखणं शोधतो. चेन सैल आहे का, जेटमध्ये कचरा आहे का, टॅपेट वाजतायत का. तुझ्या गाडीचं इंजिन सुरू होतं आणि मला दुरुस्त करण्यासारखं काहीच ऐकू येत नव्हतं. कार्बोरेटर नाही, पॉइंट नाही, किकसुद्धा नाही. पोरगी एवढी मोठी गाडी घेऊन दारात आली आणि बापाच्या हाताला तिथं काम नाही, हे मला एकदम जाणवलं. राग नव्हता गं. डोळे भरून आले होते आणि ते तुला दिसायला नको होते.

दुसरं असं की आरसी बुकावर तुझं नाव आहे. एवढ्या वर्षांत माझ्याकडं मुली आल्या त्या स्कूटर घेऊन. शर्यतीच्या जातीची गाडी स्वतःच्या पगारातून घेऊन आलेली पहिली मुलगी तू, आणि ती माझी. ऑस्ट्रियाच्या कंपनीची ही गाडी चाकणला बनते, आता ट्रायम्फची ४०० सुद्धा तिथंच. आमच्या गॅरेजच्या भिंतीवर ट्रायम्फ बॉनव्हिलचं कॅलेंडरमधून कापलेलं चित्र होतं. ते नाव असलेली गाडी पुण्याजवळ तयार होईल असं कुणी म्हणालं असतं तर उस्तादांनी त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

आता थोडं कामाचं. चेन पाचशे किलोमीटरला साफ करून तेल दे, पावसात भिजली तर त्याच दिवशी. टायरची हवा सकाळी, टायर गार असताना बघायची. पुढं कधी नवे टायर टाकलेस तर पहिले शंभर किलोमीटर वळणावर गाडी झोपवू नकोस, नव्या रबराला पकड यायला वेळ लागतो. पहिल्या पावसात रस्त्यावरचं ऑइल वर येतं, ते दोन दिवस बसनं जा. आणि पुण्याला जाताना खंबाटकीच्या जुन्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर जे एस वळण आहे, तिथं उतारावर ट्रक ब्रेक गमावून येतात. तिथं आरशात बघत राहा आणि कुठल्याही ट्रकच्या पुढं रेंगाळू नकोस. एवढं माझं ऐकच.

मागच्या शेडमधली १९७६ ची येझदी मी उघडायला घेतलीय. पिस्टन जाम आहे. सिलिंडर उद्यमनगरातून रिबोअर, म्हणजे आतून कातून, आणीन, ते माझं मी बघतो. नाताळात चार दिवस सुट्टी काढून ये. इंजिन आपण दोघं जोडू, टायमिंगला क्रँक तू फिरव. हिच्यात किक आणि गिअर एकाच दांडीत आहेत, दांडी आत दाबून वर फिरवली की तीच किक होते. लहानपणी तू त्या दांडीवर उभी राहायचीस, तरी ती खाली जायची नाही.

येण्याआधी एखाद्या रविवारी जुन्या बाजारात चक्कर मार. येझदीच्या टाकीला दोन्ही बाजूंना गुडघ्याचे रबर असतात, त्यातला डावा गेलाय. जुना मिळाला तरी चालेल, फक्त चिरलेला नको. घासाघीस कर, पण मिळाला तर सोडू नकोस.

तुझे,
बाबा