उत्तरेच्या भिंतीतली खिडकी

तीर्थरूप आई-बाबांच्या चरणी साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी दोन दिवस उशिरा पोहोचले. तुम्ही ते मनावर घेतले नाही, मला मात्र ते विसरता येत नाही. त्या दिवशी माजघरातल्या पिवळ्या बल्बखाली कुणाच्या तरी शेताच्या धुऱ्या-बांधाच्या भांडणाचा गटनकाशा नाकाशी धरून बसलेले तुम्ही दिसलात आणि मी दोन गोष्टी ठरवल्या. दोन्ही ठरवून, पैसे देऊन झाल्यावर हे पत्र लिहिते आहे, कारण आधी विचारले असते तर तुम्ही "कशाले?" एवढेच म्हणाला असता. रविवारी दादा नागपूरहून एक चित्र घेऊन येईल. सोमवारी गवंडी येईल आणि माजघराच्या उत्तरेच्या भिंतीत खिडकी काढील.

चित्र म्हणजे डच चित्रकार व्हर्मीरच्या 'भूगोलतज्ज्ञ' या चित्राची हाताने रंगवलेली प्रत आहे. मूळ चित्र १६६९ सालचे, फ्रँकफुर्टच्या श्टेडेल संग्रहालयात असते. उंची जेमतेम पावणेदोन फूट, आणि आपली प्रतही तेवढीच. छापील प्रत फारच स्वस्तात मिळाली असती, परंतु तुम्ही तिला भिंग लावणार आणि भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसणार, हे मला ठाऊक होते. यात कुंचल्याचे फटकारे दिसतील. पैशांचा विषय कृपया काढू नका; दोन वर्षांच्या दिवाळीच्या साड्या मी घेतल्या नाहीत असे समजा, आणि आई, तू तर तेही समजू नकोस, मजजवळ साड्या पुष्कळ आहेत.

त्या चित्रात तुम्हीच आहात, बाबा. टेबलावर नकाशाचा कागद पसरलेला आहे, उजव्या हातात डिव्हायडर आहे आणि माणूस काम थांबवून खिडकीकडे पाहतो आहे. तज्ज्ञांनी अवरक्त किरणांनी तपासले तेव्हा असे दिसले, की चित्रकाराने आधी त्याची मान खाली घातलेली काढली होती आणि नंतर ती वर उचलली. मागच्या कपाटावर पृथ्वीचा गोल आहे, आणि तो नेमका आपल्या हिंदी महासागराकडे वळवलेला आहे. व्हर्मीरच्याच डेल्फ्ट गावच्या लेवेनहूकने, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून जंतू पाहणाऱ्याने, त्याच १६६९ साली भूमापकाची सनद मिळवली होती. चित्रातला माणूस तोच असे काही जण म्हणतात, पुरावा नाही. मोजणीच्या टिपणाशिवाय हद्द न मानणारे तुम्ही ते मानणार नाही, आणि मीही आग्रह धरत नाही.

मला सांगायचे आहे ते त्या खिडकीविषयी. ती चित्रात आपल्या डावीकडे आहे आणि उजेड तिथूनच कागदावर येतो. तुमचे टेबल पूर्वेला तोंड करून ठेवले की उत्तरेचा उजेड तुमच्याही डावीकडून येईल, उजव्या हाताची सावली कागदावर पडणार नाही आणि चैत्र-वैशाखातही दुपारचे ऊन कागदावर येणार नाही. आजोबांनी बांधलेल्या भिंतीला हात लावायचा नाही, हे मला पाठ आहे. गवंड्याने भिंत ठोकून पाहिली आहे, वर लिंटेल पडेल, वांदरांसाठी लोखंडी गज आणि डासांसाठी जाळी बसेल, आणि मृगाच्या आत सगळे लिंपून होईल. आजोबाही वावरातून आल्यावर ओसरीत उजेडातच बसत असत, नाही का?

शिवाय हे रंग जवसाच्या तेलात घोटलेले आहेत. आई, चित्र उघडताच तुला वास ओळखू येईल. ते तेल पुरते वाळायला काही महिने लागतात आणि अंधारात ठेवले तर पिवळे पडते. म्हणजे चित्रालाही खिडकी हवीच. त्या माणसाच्या झग्याचा निळा रंग पाहा. बाबांच्या पांढऱ्या सदऱ्यांना तू बादलीत नीळ देत असायचीस ना, ती नीळपूडही ह्याच अल्ट्रामरीन रंगाची असे. मी तुझ्या शेजारी बसून बोटे निळी करून घेई, मग त्याच बोटांनी बाबांच्या ट्रेसिंग क्लॉथवर नदी काढायला जाई. तुम्ही मला एकदाही रागावला नाहीत. दुसरा तुकडा कापून दिलात.

आता थोडे ऐका. चित्र ओल्या फडक्याने पुसायचे नाही, कोरड्या मऊ ब्रशनेच धूळ झटकायची. देवघराच्या भिंतीला लावायचे नाही, उदबत्तीचा धूर बसतो. चौकटीच्या मागे बुचाचे चार तुकडे लावून दिले आहेत, ते काढू नका, पावसाळ्यात हवा खेळती राहील. बाबा, डोळ्यांचे थेंब वेळच्या वेळी, आणि खिडकी होईपर्यंत नकाशे बंद. त्या धुऱ्याचे भांडण तीस वर्षे थांबले, आणखी पंधरा दिवस थांबेल. खिडकी काढताना धूळ फार होईल, तेव्हा दोघेही दादाकडे राहायला जा.

खिडकी नकोच असे अगदी मनापासून वाटत असेल, तर सोमवारच्या आत मला फोन करा. मी गवंड्याला थांबवीन, रागावणार नाही. टेबल मात्र निदान ओसरीत घ्या.

तुमची धाकटी