प्रत्येक काम तत्क्षणी कशाला?

महोदय,

४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने धनादेशांचे समाशोधन (बँकांनी ते आपसात वटवणे) ठरावीक बॅचऐवजी, म्हणजे ठरल्या वेळी गठ्ठ्याने करण्याऐवजी, कामकाजाच्या वेळेत अखंड सुरू केले, हे स्वागतार्हच आहे. मात्र त्यावरून बँकेच्या सॉफ्टवेअरमधील प्रत्येक काम घटना घडताक्षणीच व्हावे, असा आग्रह धरणे मला धोक्याचे वाटते.

सहकारी बँकांच्या संगणक प्रणालींवर मी अनेक वर्षे काम करतो. एका बँकेत नेटवर्क तुटल्यामुळे व्यवहाराचा एकच संदेश दोनदा पोचला आणि एका पेन्शनर आजींच्या खात्यातून चौदाशे रुपये दोनदा वजा झाले. पासबुकातल्या त्या सारख्या दोन ओळींवर बोट ठेवून त्या काउंटरपाशी उभ्या होत्या. प्रत्येक संदेशाचा क्रमांक तपासून दुसरा नाकारण्याची सोय आधीच केली असती, तर हे टळले असते. याउलट रात्रीची व्याजआकारणी मध्येच फसली, तर ती पहाटे पुन्हा चालवून बेरीज जुळवता येते. एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याची एनईएफटी सेवासुद्धा १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालते, पण अर्ध्या तासाच्या बॅचनेच.

पैसे कापल्याचा संदेश खातेदाराला लगेच हवा. व्याज आणि पगार यांना ठरलेली वेळ पुरते. नवी प्रणाली विकत घेण्याआधी संचालकांनी कामांची अशी विभागणी करून घ्यावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे